अजमास, अंदाजपत्रक, अर्थसंकल्प : खानदेशातून वाचलेला सरकारी जमाखर्च

मेहरूण म्हटले की खानदेशाबाहेरच्या माणसाला बोरे आठवतात आणि जळगावकराला तलाव. या तलावाचे पाणी एकोणिसाव्या शतकात दोन मैलांवरच्या जळगावच्या पेठेला नळाने पुरविले जात असे, ही माहिती जुन्या गॅझेटियरांतून मिळते. जळगावची नगरपालिका १८६४ सालची. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्या वेळी खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आलेला होता; युद्ध संपले आणि तो भाव आला तसा गेला. पेठ मात्र राहिली, तिची तहान राहिली, आणि ती भागविण्यासाठी कोणाकडून किती घ्यावयाचे व कोठे खर्चावयाचे हा प्रश्नही राहिला. गावाच्या तळ्याचे पाणी गावानेच वापरले तर त्याचा हिशेब सहसा कोणी मागत नाही. तेच पाणी नळातून दुसऱ्या वस्तीला गेले की वही उघडावी लागते.

या वहीला मराठीत निरनिराळ्या काळांत निरनिराळी नावे मिळाली. पेशवाईच्या कागदांत 'अजमास' आणि 'बेहेडा' हे शब्द आढळतात. इंग्रजी अमलाबरोबर आलेल्या व्यवस्थेसाठी 'अंदाजपत्रक' रूढ झाले. आज विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत 'अर्थसंकल्प' हा शब्द प्रतिष्ठित आहे, नगरपालिका व जिल्हा परिषदांकडे मात्र 'अंदाजपत्रक' अजून टिकून आहे. कोशात हे शब्द शेजारी शेजारी बसतात; इतिहासात ते तसे बसत नाहीत. प्रत्येक शब्दामागे बोलणारा वेगळा आहे आणि ऐकणाराही वेगळा आहे. साहित्याच्या अभ्यासकाने जमाखर्चाच्या अंगणात पाऊल टाकावे ते यासाठी. अर्थशास्त्रज्ञ आकडे पाहतो. हा आकडा कोण कोणाला सांगतो आहे, हे पाहण्याची सवय आपल्याला असते, किंवा असावयास हवी.

'अजमास' फारसीतून आला. पारख, अदमास, ढोबळ तर्क असा त्याचा आशय. 'अंदाज'ही फारसीच. 'संकल्प' मात्र थेट पूजेच्या पाटावरून उठून आला आहे. संकल्प सोडताना यजमान हातात पाणी घेतो, देश आणि काल उच्चारतो, स्वतःचे नाव व गोत्र सांगतो, आणि अमुक कर्म मी करीन असे म्हणतो. पुरोहित शब्द पुरवितो, पण बोलावे लागते ते यजमानाला. इंग्रजी 'बजेट' हा शब्द जुन्या फ्रेंचमधील चामड्याच्या छोट्या पिशवीवरून आला, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. भारतीय संविधानाने यांपैकी कोणताच अलंकार स्वीकारलेला नाही. अनुच्छेद ११२ आणि २०२ यांत केवळ 'वार्षिक वित्तीय विवरणपत्र' आहे. कोरडा शब्द, पण प्रामाणिक.

खानदेशातील सार्वजनिक जमाखर्चाचा एक फार जुना पुरावा आपल्या भाषेच्या इतिहासात अगोदरच नोंदलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख मराठीच्या एम. ए.ला शिकविला जातो तो जुन्या मराठीचा नमुना म्हणून. यादवांचे मांडलिक निकुंभ घराणे, त्यातील सोईदेव आणि हेमाडिदेव हे बंधू, आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव अशी त्यातील मंडळी. चांगदेवाने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून मठ स्थापन केला आणि त्या मठाला नेमणुका मिळाल्या. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. पण खर्च कोठून चालायचा हे सांगण्याची वेळ आली तेव्हा लेख मराठीत उतरतो. बाजारात खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाने ठरलेला अंश द्यावा, सुपाऱ्या द्याव्यात, जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांनी प्रत्येकी पळी पळी तेल द्यावे, मोजमाप मठाच्याच मापाने व्हावे, अशा या तरतुदी आहेत. वंशावळी व स्तुती वाचणाऱ्याला संस्कृत येत असेल. पळीभर तेल देणाऱ्या घाणेकऱ्याला मात्र मराठीच कळणार होते. ज्याच्याकडून घ्यायचे त्याला समजेल अशा भाषेत मागणी लिहावी, इतकी सभ्यता त्या मांडलिकाने पाळली. शिवाय घेतलेले तेल कोठे जाणार हेही त्याच दगडावर कोरलेले आहे. आजच्या भाषेत हा एका विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेला कर. भाषाशास्त्राच्या तासाला आपण त्यातील क्रियापदांची रूपे पाहतो आणि पळीभर तेलावर सिद्धान्तशिरोमणी शिकविला गेला, ही गोष्ट सोडून देतो.

सगळे राज्यकर्ते इतके तपशिलात शिरले नाहीत. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश अकबराच्या राज्याचा सुभा झाला. शाहजादा दानियालच्या नावावरून त्याला 'दानदेश' असे नावही मिळाले. आईन-ए-अकबरीत या सुभ्याची जमा १,२६,४७,०६२ बेरारी टके दिली आहे, टका चोवीस दामांचा. आणि पुढे एक वाक्य आहे : असीर जिंकल्यावर ही जमा दीडपट करण्यात आली. सावदा, रावेर, चोपडा, एरंडोल, अमळनेर, नशिराबाद ही आपल्या ओळखीची नावे त्याच यादीतील परगण्यांची आहेत. (जळगाव तालुक्याचे ठाणे पुढे दीर्घकाळ नशिराबादच्या नावानेच ओळखले जाई.) किल्ला पडल्याने कोणत्या शेतात एक कणीस अधिक आले, असा प्रश्न आईनच्या कर्त्याला पडला नाही. जमा ही तेथे पिकावरून काढलेली नसून विजयावरून काढलेली आहे. दामांत हिशेब करून पाहिला तर पंचेचाळीस कोटी बावन्न लाखांवर आकडा जातो, आणि ग्रंथातील एकूण आकड्याशी तो अचूक जुळतो. वही चोख आहे. कागदावर चोख आणि रानात अशक्य अशा जमाखर्चाची परंपरा आपल्याकडे बरीच जुनी आहे, ती अशी.

पेशवाईतील व्यवस्था याहून पुष्कळ सूक्ष्म होती, आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. कारण 'फडणवीस' म्हटले की आपल्याला राजकारण आठवते, हिशेब आठवत नाही. हा शब्द मुळात 'फर्दनवीस', म्हणजे फर्द लिहिणारा, कागदाचे ताव लिहिणारा. पुण्याच्या हुजूर दफ्तरात निरनिराळ्या शाखा होत्या. 'चालते दफ्तर' फडणीसाच्या थेट देखरेखीखाली असे. 'बेहेड्या'चे कागद निराळे, सरंजामाचे निराळे. 'एकबेरीज दफ्तर' सर्व हिशेब एकत्र आणून त्यांची वर्गवार बेरीज ठेवी. एकबेरीज! सबंध राज्याच्या उत्पन्नाची आणि खर्चाची एकच बेरीज कोठेतरी मांडली गेली पाहिजे, ही कल्पना त्या नावातच आहे. सुरेन्द्रनाथ सेनांनी १९२३ मध्ये मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात या दफ्तराचे वर्णन केले, तेव्हापासून अभ्यासकांना ते परिचित आहे.

वर्षारंभी मामलतदाराला हुजुरातून आपल्या महालाचा अजमास मिळे. अमुक इतकी जमा यावी, अमुक इतका खर्च नेमला आहे, बाकी इतकी भरावी. अपेक्षित रकमेतला काही भाग त्याने आगाऊ भरावयाचा, ती 'रसद'. रसद बहुधा सावकाराकडून उचलली जाई, म्हणजे रयतेचे येणारे पीक पुण्याच्या खजिन्यात पोचण्यापूर्वी त्यावर व्याज चढायला लागलेले असे. मामलतदारावर नजर ठेवायला दिवाण, मजुमदार, फडणीस, सबनीस, पोतनीस वगैरे दरखदार असत, आणि त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलतदाराला नव्हता. एकाच्या सहीवाचून दुसऱ्याचा कागद पुढे सरकू नये, अशी ही रचना. आजच्या लेखापरीक्षकांनाही तिचा हेवा वाटावा.

तरीही या रचनेच्या पोटातच एक विलक्षण बाब वाढत गेली. तिचे नाव 'दरबार खर्च' किंवा 'अंतस्थ'. हिशेब तपासणाऱ्यांना आणि दरबारी मंडळींना खूश ठेवण्यासाठी जे गुप्तपणे द्यावे लागे, ते हळूहळू ठरीव झाले. ठरीव झाले म्हणून गावाच्या खर्चात दाखविले जाऊ लागले. आणि एकदा उघड बाब झाल्यावर ते गुप्त राहिले नाही, म्हणून निराळे काही गुपचूप देणे भाग पडू लागले. लाचेला खाते मिळाले की ती लाच राहत नाही आणि नव्या लाचेची जागा रिकामी होते. १८१९ मध्ये एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी अहवाल लिहिला, त्यात या प्रकाराची दखल आहे. विजेत्याने पराभूतांविषयी लिहिलेला कागद म्हणून तो सावधपणे वाचला पाहिजे हे खरे. पण 'अंतस्थ' हा शब्द एल्फिन्स्टनचा नव्हे, आपलाच आहे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात अजमासाचीही गरज उरली नाही. महाल मक्त्याने दिले जाऊ लागले. जो जास्त बोली बोलेल त्याला वसुली. खानदेशाच्या वाट्याला तर मक्त्याच्या जोडीला १८०२ ची होळकरी फौजांची लूट आली आणि लागोपाठचा दुष्काळ आला. पेशवे, होळकर, शिंदे यांचे अंमल येथे एकमेकांत गुंतलेले होते. एकाच गावाकडे दोघातिघांची मागणी जाऊ शकत होती, आणि एकबेरीज करणारा कोणी नव्हता. १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यास आला तेव्हा त्याच्यापुढे ओसाड गावांचा प्रदेश होता.

इंग्रजी राज्याने हुजुरातून उतरणारा आकडा बंद केला आणि त्या जागी शेताशेतावरून चढणारा आकडा आणला. विंगेट-गोल्डस्मिडची मोजणी, प्रतवारी, तीस वर्षांचा ठराव, ही पद्धती आपण इतिहासाच्या पुस्तकांतून वाचतो. कागदावर ती पाहिली तर मोगली दीडपटीपेक्षा शतपटींनी विवेकी आहे. पण १८५२ मध्ये मोजणीदार सावदा, रावेर, चोपडा या भागांत आले तेव्हा हजारो शेतकरी जमले, मोजणी बंद करा म्हणाले, आणि सरकारला लष्कर आणावे लागले. त्या शेतकऱ्यांना मोजणीचे गणित कळले नाही, असे अधिकाऱ्यांचे मत. मला ते पटत नाही. साखळी घेऊन बांधावर उभा असलेला मनुष्य पुढच्या तीस वर्षांचे आपले देणे ठरवितो आहे आणि आपल्याला एका शब्दाने विचारीत नाही, एवढे गणित त्यांना नेमके कळले होते. आकडा वरून येवो की खालून काढला जावो, ठरविणारा एकच होता. मोजले जाणाऱ्याला बोलायला जागा नव्हती.

कंपनीचे राज्य गेल्यावर, १८६० मध्ये, जेम्स विल्सनने हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक मांडले. सत्तावन्नच्या बंडाळीचा खर्च भागवायचा होता, त्यासाठी प्राप्तिकर आला. मुंबई इलाख्यात त्याच सुमारास सारापट्टीच्या दर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' म्हणून घेतला जाऊ लागला आणि १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला. दोन हिस्से रस्त्यांना, एक हिस्सा शाळांना, अशी त्याची वाटणी. पाटणच्या पळीभर तेलाचेच हे भावंड. पण पाटणला तेल कोठे गेले हे दगडावर वाचता येत होते. येथे आण्याचे काय झाले, हे शेतकऱ्याच्या वतीने विचारावे लागले, आणि ते विचारणारे जोतीराव फुले होते.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात आणि पुढच्या वर्षी लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये फुल्यांनी जे केले त्याला आज 'अर्थसंकल्पाचे सामाजिक विश्लेषण' असे भारदस्त नाव मिळते. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो. शिक्षणावरचा खर्च वरच्या जातींच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो. मधल्यामध्ये नोकरशाहीचे पगार. कोण देतो आणि कोणाला मिळते या दोन याद्या त्यांनी शेजारी ठेवल्या, एवढेच. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याच्या ठरावाला विरोध करणारे ते एकटे होते, ही गोष्ट चरित्रांतून येते आणि आपण ती बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून सांगतो. ती एका अंदाजपत्रकी बाबीवरची चर्चा होती हे मात्र विसरतो. 'असूड'मधील आकडे आणि उपरोध वेगवेगळे काढता येत नाहीत. मराठी गद्याच्या इतिहासात फुल्यांच्या शैलीवर जे लिहिले गेले त्यात जमाखर्चाच्या वहीची लय फारशी कोणी ऐकलेली नाही, असे मला वाटते.

गोखल्यांची वाट निराळी. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यातील कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार ज्या शिल्लकेचा अभिमान बाळगीत होते, तिलाच त्यांनी आरोपी केले. प्रजा दुष्काळाने जेरीस आलेली असताना तिजोरीत पैसा उरतो, तर तो गरजेपेक्षा जास्त घेतलेला आहे, हा त्यांचा मुद्दा. त्या मंडळाला अंदाजपत्रकावर बोलता येत होते, मत देता येत नव्हते. तरी पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर. नुसत्या बोलण्याचेही काही मोल असते. हे खरे असले तरी नुसत्या बोलण्याची मर्यादा गोखले जाणून होते.

या सर्व प्रकाराची बुद्धिनिष्ठ चिकित्सा करणारा ग्रंथ मराठी माणसाचाच आहे, आणि मराठीच्या वर्गात त्याचे नावही निघत नाही. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील प्रबंध १९२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. बाबासाहेबांच्या आत्मपर व वैचारिक गद्याविषयी आपण बोलतो. हा प्रबंध अर्थशास्त्राचा म्हणून बाजूला ठेवतो. त्याचा विषय थोडक्यात असा : १८७० पर्यंत सगळे उत्पन्न मध्यवर्ती सरकारचे आणि खर्च करणारे मात्र प्रांत. काटकसर केली तर वाचलेले कलकत्त्याला जाणार. तेव्हा काटकसर कोण करील? जो मोठ्याने मागेल त्याला जास्त. डिसेंबर १८७० मध्ये लॉर्ड मेयोने ही पद्धत बदलली. पोलीस, तुरुंग, शिक्षण, रस्ते वगैरे खाती प्रांतांकडे आली आणि त्यांच्यासाठी ठरावीक रक्कम नेमून देण्यात आली. आंबेडकर या विकासाचे तीन टप्पे पाडतात. पहिला नेमून दिलेल्या रकमेच्या अंदाजपत्रकाचा, १८७१-७२ पासूनचा. दुसरा १८७७-७८ पासूनचा, यात काही उत्पन्नेच प्रांतांना नेमून दिली. तिसरा १८८२-८३ पासून १९२०-२१ पर्यंतचा, वाटून घेतलेल्या उत्पन्नांचा.

ही केवळ कालविभागणी नाही. नेमून दिलेली रक्कम मिळणारा प्रांत आणि स्वतःचे उत्पन्न असलेला प्रांत या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिल्याला वाढत्या गरजांसाठी दरवेळी वर हात पसरावा लागतो. रक्कम स्थिर, गरजा चढत्या. दुसऱ्याला निदान आपल्या उत्पन्नाच्या वाढीची वाट पाहता येते. पण आंबेडकर येथे थांबत नाहीत. प्रांतांना कितीही सूट मिळाली तरी ती वरच्याच्या मर्जीने मिळालेली सूट होती, कारण खर्च करणारे कार्यकारी मंडळ लोकांनी निवडलेल्या सभागृहाला जबाबदार नव्हते. वाटणी बदलली, जबाबदारी बदलली नाही. १९१९ च्या सुधारणांतील द्विदल पद्धतीवरही त्यांनी याच कसोटीने टीका केली आहे. वहीत किती रक्कम आहे याइतकेच वही कोणापुढे उघडावी लागते हे महत्त्वाचे, असे या प्रबंधाचे सूत्र मी समजतो.

वही उघडण्याची वेळ येत गेली, हळूहळू. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. तेथील शेतीविषयक कार्यक्रमात साऱ्याची भरीव कपात ही मागणी होती. सावदा-रावेरच्या ज्या पट्ट्यात १८५२ मध्ये मोजणी अडविण्यासाठी लोक जमले होते, त्याच पट्ट्यात चौऱ्याऐंशी वर्षांनी साऱ्याचा प्रश्न देशाच्या व्यासपीठावरून बोलला गेला. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि अण्णासाहेब लठ्ठे अर्थमंत्री झाले. दारूबंदीने अबकारीचे उत्पन्न घटणार, तर ते कोठून भरून काढायचे? मुंबई शहरातील मिळकतींवर कर बसविण्यात आला, आणि त्यावर मुंबईत केवढे वादळ उठले. घरगृहस्थीत अंथरूण पाहून पाय पसरतात. सरकार आधी पाय किती लांब करायचे ते ठरविते आणि मग अंथरूण शोधते. लठ्ठ्यांनी निदान पाय का लांबवितो ते सभागृहाला सांगितले, आणि अंथरूण कोणाचे ओढतो तेही.

महाराष्ट्र राज्याचा जमाखर्च हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे दोन गोष्टी पुरेत. आपल्या वेतनपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. प्राध्यापक-कक्षात त्याविषयी दरवर्षी कुरकूर होते. १९७५ च्या कायद्याने हा कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी, दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या मजुरीसाठी. पाटणचा घाणेकरी मठासाठी तेल देत होता. येथे मठातले लोक मजुरासाठी देतात. पळीची दिशा उलटी झाली. दुसरी गोष्ट 'अनुशेष' या शब्दाची. १९८४ मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने प्रादेशिक असमतोल मोजला, तेव्हापासून हा कोशातला शब्द चावडीवर आला. पण १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे झाली तेव्हा विदर्भाला एक, मराठवाड्याला एक, आणि खानदेश 'उर्वरित महाराष्ट्रा'त, पुणे-कोल्हापूरच्या पंगतीला. साक्री-नंदुरबारची तूट आणि पुण्याची भरती यांची सरासरी काढली की दोन्ही नाहीशी होतात. एकबेरजेचे हे दुसरे रूप. बेरीज जितकी मोठी तितके लहान आकडे तिच्यात सहज बुडतात.

आता पुन्हा मेहरूणकडे. तलाव आहे, त्याच्या काठाने फिरायला येणाऱ्यांची गर्दी आहे, पण गावाचे पिण्याचे पाणी आता वाघूर धरणातून येते. मेहरूण जळगावचाच भाग झाले आणि जळगावची नगरपालिका २१ मार्च २००३ रोजी महानगरपालिका झाली. तत्पूर्वीच्या दशकात या नगरपालिकेच्या महत्त्वाकांक्षेची कीर्ती राज्यभर होती. सतरा मजल्यांची प्रशासकीय इमारत ही तिची दृश्य खूण. कर्जे काढून कामे करावी, कामांतून उत्पन्न यावे, उत्पन्नातून कर्जे फिटावी, अशी ती दृष्टी. 'हुडको'कडून कर्ज घेऊन सुमारे अकरा हजार घरकुले बांधावयाची ठरली. पुरी झाली ती सुमारे दीड हजार. २००६ मध्ये तत्कालीन आयुक्तांनी फिर्याद दिली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. त्यावर अपिले झाली. न्यायालयीन बाजूविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. मला दिसते ती रसद. पुढच्या वर्षांचे उत्पन्न आज उचलायचे आणि व्याज रयतेच्या नावे चढवायचे, हे मामलतदारही करीत होताच. फरक इतका की घरकुलांचा विषय लोकनियुक्त सभागृहापुढे आला होता. वही उघडी होती. ती वाचण्याचे कष्ट किती जणांनी घेतले, हा प्रश्न सभागृहाइतकाच आपल्यालाही लागू आहे. या गावात शिक्षक, प्राध्यापक, वकील काही कमी नाहीत.

कर्जाच्या हप्त्यांनी महापालिका वाकलेली असतानाच तिचे स्वतःचे उत्पन्नही हातचे गेले. जकात हा शहराच्या तिजोरीचा जुना आधार. कापसाच्या गाड्या नाक्यावर थांबत तेव्हापासूनचा. २०१० मध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आणला गेला आणि जळगाव त्याच्या पहिल्या तुकडीत होते. २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, आणि गेलेल्या उत्पन्नाबद्दल राज्य शासन महापालिकांना दरमहा अनुदान देऊ लागले. नाक्यांवरचा जाच आणि भ्रष्टाचार गेला, त्याबद्दल कोणी हळहळणार नाही. पण आंबेडकरांचा प्रबंध ज्याने वाचला आहे त्याला हे ओळखीचे वाटल्याखेरीज राहणार नाही. घरपट्टी, पाणीपट्टी अशी काही उत्पन्ने हाताशी उरली, मोठा वाटा मात्र वरून नेमलेला. शहर वाढते, नळ वाढतात, गटारी वाढतात, आणि नेमलेली रक्कम कशी वाढावी हे मुंबईत ठरते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, आणि आड आता दुसऱ्याच्या अंगणात आहे. १८७१ चा मुंबई इलाखा आणि आजचे जळगाव यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे, असे या एका बाबतीत तरी म्हणवत नाही.

महापालिकांच्या कायद्यात अंदाजपत्रकाची वाट नीट आखून दिलेली आहे. आयुक्ताने अंदाज तयार करावेत, स्थायी समितीने ते तपासून फेरफार सुचवावेत, महासभेने करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत आणि आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी अंदाज स्वीकारावेत. एकाच्या सहीवाचून दुसऱ्याचा कागद पुढे जाऊ नये, ही दरखदारांची जुनी युक्ती येथे लोकशाहीच्या वेषात भेटते. जळगाव महापालिकेच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२३ मध्ये संपली आणि वेळेवर निवडणूक झाली नाही. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षांची अंदाजपत्रके प्रशासक म्हणून आयुक्तांनीच तयार केली आणि आयुक्तांनीच मंजूर केली. मांडणारा, तपासणारा आणि होकार देणारा एकच. पुरोहितानेच यजमानाच्या हातचे पाणी सोडले. अधिकारी चांगला की वाईट, हा येथे मुद्दाच नाही. ब्रिग्जही चांगला अधिकारी होता.

जुन्या नगरपालिकांची सभावृत्ते चाळताना अंदाजपत्रकाच्या सभेची पाने सर्वांत जाड लागतात. कोणी आपल्या वॉर्डातल्या नळासाठी भांडतो, कोणी दिव्यांच्या खांबांची संख्या विचारतो, कोणी पाणीपट्टीला विरोध नोंदवून सभात्याग करतो आणि पुढच्या विषयाला परत येऊन बसतो. मराठी सार्वजनिक गद्याचा हा एक न वाचलेला साठा आहे; त्यातील भाषा कधी राकट, कधी कायदेबाज, कधी चक्क विनोदी असते. प्रशासकाच्या दोन वर्षांत जळगावला आकड्यांचे तक्ते झाले, त्यांवर सह्याही झाल्या. अंदाजपत्रकी सभेचे वृत्त म्हणून दफ्तरात ठेवायला मात्र त्या वर्षांचे एकही पान नाही.